जुना इलेक्ट्रो ऐकायचा तर मूळ बारा इंची रेकॉर्डच घ्यावी, नंतर नव्याने छापलेल्या रीइश्यूत ती मजा नाही. तुमचं मत?

बारा_इंची
परवा एक मित्र घरी आला, कपाट बघितलं आणि म्हणाला, हे सगळं फोनवर फुकटात आहे, तू कशाला परदेशातून ओरखडे पडलेल्या रेकॉर्डी मागवतोस. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

इलेक्ट्रो म्हणजे हल्ली लग्नाच्या वरातीत वाजतं ते नव्हे. १९८२ ते ८४-८५ च्या न्यूयॉर्क, डेट्रॉईट, लॉस एंजेलिसमधलं, ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर केलेलं नाचाचं संगीत. सोलसॉनिक फोर्सचं प्लॅनेट रॉक, मॅन पॅरिशचं हिप हॉप बी बॉप, हशीमचं अल-नाफिश, सायबोट्रॉनचं क्लिअर. सगळ्यांच्या मुळाशी रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन, जे १९८० ते ८३ एवढंच बनलं, साधारण बारा हजार नग. प्लॅनेट रॉक करताना निर्माता आर्थर बेकरकडे ते मशीन नव्हतंच, पेपरातली जाहिरात बघून मशीनवाल्या माणसाला वीस डॉलर देऊन स्टुडिओत बोलावलं आणि जर्मन बँड क्राफ्टवर्कच्या ट्रान्स-युरोप एक्सप्रेसची चाल जॉन रोबीने कीबोर्डवर नव्याने वाजवली. एवढ्या तुटपुंज्या सामानावर केवढं उभं केलं त्या लोकांनी!

माझं म्हणणं असं की हे संगीत बारा इंची सिंगलसाठीच बनलं. एका बाजूला एकच गाणं असलं की खोबण्या दूर दूर कापता येतात, आवाज मोठा ठेवता येतो आणि ८०८ ची ती लांब शेपटीची किक (ड्रमचा जड ठोका) पूर्ण घुमते. तेच गाणं एलपीच्या एका बाजूला आणखी चार-पाच गाण्यांसोबत कोंबलं की खोबण्या दाटीवाटीने येतात आणि आवाज खाली आणावा लागतो. शिवाय क्लिअरचं बारा इंचीवरचं मिक्स होझे डियाझने केलेलं आहे, सायबोट्रॉनच्या एंटर अल्बमवरचं वेगळं. दोन्ही लागोपाठ ऐकलं की कळतं. प्लॅनेट रॉकच्या मागच्या बाजूला इन्स्ट्रुमेंटल आहे, ते डीजेसाठी दिलेलं हत्यार आहे. मूळ प्रत हातात घेतली की ती कशासाठी बनली होती ते समजतं, फोनवर ते समजत नाही. बोला.

नेहमीचा_श्रोता
बारा इंचीचा मुद्दा मान्य, मूळ प्रतीचा नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. रीइश्यूसुद्धा बारा इंचीच निघते, एका बाजूला एकच गाणं, नवीन कोरा विनाईल, मग अडलं कुठे? मी स्वतः एका परदेशी विक्रेत्याकडून "अगदी छान अवस्थेत" म्हणून एक जुनी प्रत घेतली, शिपिंग आणि कस्टम धरून साडेपाच हजार गेले आणि सुई टेकवली तर पहिली दीड मिनिटं तेलात मोहरी तडतडल्यासारखा आवाज. ८०८ चे ठोके विजेतून जन्मलेले, एकदम स्वच्छ असायला हवेत, त्यांच्यावर चाळीस वर्षांची धूळ कशाला?

आणि खरी गोष्ट पैशाची आहे. जुन्या प्रतीचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात जातात, ज्याने गाणं केलं त्याला एक पैसा मिळत नाही. लॉस एंजेलिसचा इजिप्शियन लव्हर अजून ८०८ घेऊन स्टेजवर उभा राहतो, त्याच्या १९८३ ते ८८ च्या रेकॉर्डिंगचा संग्रह २०१६ मध्ये स्टोन्स थ्रो या कंपनीने काढला. तो घ्या ना! माणूस हयात आहे.

चाळीतला_डीजे
दोघांनाही थोडं अडवतो. एलपीवर कोंबलं की बिघडतं म्हणता, पण ब्रिटनमधल्या पोरांनी इलेक्ट्रो ऐकला तोच मुळी कोंबलेल्या एलपीवर. मॉर्गन खानच्या स्ट्रीट साऊंड्स कंपनीने १९८३ पासून इलेक्ट्रो नावाची मालिका काढली, अमेरिकन सिंगल्स एकात एक मिक्स करून. इम्पोर्टेड सिंगल परवडत नव्हती अशा पोरांसाठी एका एलपीत सात-आठ गाणी! त्यावर ब्रेकडान्स शिकले लोक. आवाज दबलेला असेल, पण ती रेकॉर्ड खोटी कशी म्हणणार? माझ्याकडे त्यातली दोन आहेत आणि जीव आहे माझा त्यांच्यावर.

माझा राग वेगळ्याच लोकांवर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर टांगणाऱ्यांवर. वाजवा राव. दोन प्लेअर आणि मिक्सर घ्या आणि मूळ असो, रीइश्यू असो, वाजवा.

बारा_इंची
@नेहमीचा_श्रोता, तुम्हाला वाईट प्रत मिळाली याचं वाईट वाटतं, पण पाण्याने नीट धुतली होती का? अर्धी तडतड घाणीची असते. आणि प्लॅनेट रॉकसारखी रेकॉर्ड त्या काळी इतकी खपली की मूळ प्रत आजही आवाक्यात आहे. रीइश्यू मूळ टेपवरून केली असेल तर मी हात जोडून घेईन, पण पुष्कळदा कशावरून केली तेच कव्हरवर लिहिलेलं नसतं. कलाकाराच्या पैशाचा मुद्दा मात्र लागला मला, त्यावर विचार करतोय.

मिशिगनवासी
मी डेट्रॉईटपासून पाऊण तासावर राहतो म्हणून लिहितो. ईस्ट ग्रँड बुलेवर्डवर सबमर्ज या रेकॉर्ड वितरकांची इमारत आहे, त्यात एक्झिबिट ३००० म्हणून छोटं टेक्नो संग्रहालय आहे, आधी कळवून जावं लागतं. तिथे गेलो आणि मूळ प्रतच हवी हे माझं मत पक्कं झालं.

ड्रेक्सिया घ्या. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड, नव्वदच्या दशकात इलेक्ट्रो पुढे नेणारी जोडी. १९९७ च्या द क्वेस्ट या त्यांच्या संग्रहासोबत एक मजकूर छापलेला आहे. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर आफ्रिकन बायकांची बाळं पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असतील तर, असा. तो वाचून मग गाणी लावली तेव्हा अंगावर काटा आला हो, तोवर मला ती पाण्याखालच्या आवाजांची गंमत वाटायची. आणि डेट्रॉईटच्या कितीतरी रेकॉर्डवर शेवटच्या खोबणीपाशी एनएससी कोरलेलं दिसतं, ती रॉन मर्फी या कटिंग इंजिनिअरची खूण. भिंगाखाली ती अक्षरं बघताना त्या माणसाचा हात दिसतो मला.

स्टिन्सन २००२ मध्ये गेला. २०११ पासून क्लोन या डच कंपनीने चार भागांत रीइश्यू काढल्या, आवाज सुंदर आहे, पण वेगवेगळ्या ईपींमधली (तीन-चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डींमधली) गाणी एकत्र मिसळली आहेत. ज्या क्रमाने त्यांनी ती गोष्ट सांगितली तो क्रम मोडला.

गिरगावकरीण
क्रम मोडला हे खरं, पण मिशिगनवासी, ड्रेक्सियाच्या मूळ प्रतींचे भाव बघितलेत का? नागपूरच्या नाहीतर कोल्हापूरच्या कॉलेजातल्या पोराने काय करायचं? त्याने ऐकायचंच नाही?

आपल्याकडचंच उदाहरण देते. १९८२, प्लॅनेट रॉक आलं तेच वर्ष. मुंबईत चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ हे सिंथेसायझर आणि हेच ८०८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच कंपनीने ती रीइश्यू केली आणि जगभर नाव झालं. सत्तरी ओलांडलेला माणूस युरोपात स्टेजवर उभा राहून वाजवत होता, समोर विशीतली पोरं नाचत होती. २०१५ मध्ये ते गेले. रीइश्यू निघाली नसती तर हे कौतुक त्यांना जिवंतपणी मिळालं असतं का? मूळ प्रतीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर द्यावं.

बारा_इंची
गिरगावकरीणताई, नसतं मिळालं. हे मी मनापासून मान्य करतो. पण रीइश्यू करायला आधी ती जुनी एचएमव्हीची प्रत एका डच संग्राहकाने धूळ झटकून उचलली होती, लावून ऐकली होती. सगळ्यांनी टाकून दिली असती तर काय रीइश्यू करणार होते? आपल्या हवेत तर दोन पावसाळ्यांत कव्हरला बुरशी धरते. मुंबईत किती रेकॉर्डी अशाच कुजून गेल्या असतील या विचाराने मला खरंच झोप लागत नाही कधीकधी.

नेहमीचा_श्रोता
सांभाळा की, सांभाळू नका असं कुणीच म्हणत नाहीये. पण "रीइश्यूत ती मजा नाही" हे तुमच्या शीर्षकातलं वाक्य मला अजून पटलेलं नाही. किक तीच, मिक्स तेच, तडतड नाही.

चाळीतला_डीजे
मग ऐकूनच ठरवा. माझ्याकडे या रविवारी दुपारी, ठाण्यात. क्लिअरची मूळ आणि रीइश्यू दोन प्लेअरवर, दोन्हीला एकाच प्रकारची सुई, लेबल झाकून. आवाजाची पातळी मी आधी सारखी करून ठेवतो, नाहीतर जी मोठी वाजेल तीच चांगली वाटते.

नेहमीचा_श्रोता
येतो. रीइश्यू मी आणतो. बारा_इंची, तुमची प्रत आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवून आणा.