आईचा जर्मनीचा व्हिसा नाकारला, बाळंतपणाआधी पुन्हा अर्ज करायचा आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा नवरा गेली सहा वर्षं जर्मनीत आहोत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझी डिलिव्हरी आहे, पहिलंच बाळ. आई त्या वेळी जवळ असावी म्हणून ऑक्टोबरमध्ये तिचा शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामाईक व्हिसा) अर्ज भरला होता. मागच्या आठवड्यात तिचा पासपोर्ट परत आला, व्हिसाशिवाय.

सोबत एक छापील फॉर्म आहे. त्यात नकाराच्या कारणांची यादी असते आणि जे लागू असेल त्यापुढच्या चौकोनात खूण केलेली असते. आईने तो कागद व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरला. हात हलत होता, मला काही वाचताच येईना. शेवटी म्हटलं, टेबलावर ठेव आणि फोटो काढून पाठव. खूण एकाच ओळीपुढे होती: व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल का, याबद्दल वाजवी शंका आहे. मी तिला मराठीत अर्थ सांगितला. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी तिकडेच राहीन असं वाटतं त्यांना? आजीला इथे टाकून?" त्यानंतर मला फोनवर धड बोलता आलं नाही.

अर्जात काय होतं ते सविस्तर सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. आउसलेंडरबेहोर्डेतून (इथलं परदेशी नागरिकांचं सरकारी कार्यालय) सप्टेंबरच्या मध्यावर काढलेलं हमीपत्र (फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, २९ युरो भरून), त्यावर आमची आर्थिक ऐपत सिद्ध झाल्याची नोंद. दोघांच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, भाडेकरार, रेसिडेन्स परमिटच्या प्रती, माझ्या मुटरपासमधलं (गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंदवही) प्रसूतीच्या तारखेचं पान, आमचं निमंत्रणपत्र. ३०,००० युरोंचा प्रवास विमा. १० फेब्रुवारी ते १० मे असं तिकिटाचं बुकिंग, मोजून ९० दिवस. आईचं म्हणून बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, पासपोर्ट आणि फोटो.

आई ६३ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका, पेन्शन मिळतं. बाबा २०२१ मध्ये गेले. घर तिच्या नावावर आहे, थोडी शेती आहे ती वाट्याने दिली आहे. परदेशी कधीच गेलेली नाही. मी एकुलती एक. घरी तिच्यासोबत माझी आजी असते, बाबांची आई, ८६ वर्षांची. आई इकडे असेपर्यंत काकू तिच्याजवळ येऊन राहणार आहे, त्यामुळे त्याची काळजी नाही.

आणखी एक गोष्ट सतत डोक्यात येते. अर्ज जमा करताना व्हिसा केंद्राच्या खिडकीवर आईला विचारलं, किती दिवस राहणार? ती म्हणाली, "बाळ जरा मोठं होईपर्यंत." तिच्या मनात जे होतं तेच ती बोलली. पण त्यामुळेच नकार आला का?

माझे प्रश्न असे. पूर्वी नकाराविरुद्ध वकिलातीकडेच लेखी फेरविचार मागता यायचा असं ऐकलं होतं, फॉर्मवर मात्र फक्त कोर्टाचा उल्लेख आहे. मग नव्याने अर्ज करणंच बरं का, आणि त्याला काही महिने थांबावं लागतं का? तेच हमीपत्र पुन्हा चालेल का? एका ओळखीच्यांनी सुचवलं की दुसऱ्या शेंगेन देशाचा व्हिसा काढा आणि तिथून जर्मनीत या. मला ते पटत नाही, पण वेळ कमी आहे म्हणून विचारते. निमंत्रणपत्रात "बाळंतपणात मदतीला" असं लिहिलं होतं, ते चुकलं का? आणि आई परत जाणार आहे हे कागदावर सिद्ध तरी कसं करायचं?

ज्यांच्या आईवडिलांना असा नकार येऊन नंतर व्हिसा मिळाला असेल त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

आधी नियमांचं सांगतो. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून व्हिसा नकारावरची फेरविचाराची सोय जगभर बंद केली. आता दोनच रस्ते: नकार मिळाल्यापासून एक महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, किंवा नवा अर्ज. कोर्टाच्या निकालाला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही आणि तुमची तारीख मार्चची आहे. तुमच्या जागी मी नवा अर्जच करीन. त्यासाठी थांबायची अट नाही, आज नकार आला तर उद्या अर्ज करता येतो. ९० युरो फी मात्र पुन्हा भरावी लागेल, आधीची परत मिळत नाही.

प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कागद जास्त तपासायचे असतील तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. हे ४५ दिवस धरूनच हिशोब करा. डिसेंबरमध्ये अर्ज गेलाच पाहिजे.

हमीपत्र अर्जाच्या वेळी सहा महिन्यांहून जुनं नसावं. सप्टेंबरचं आहे आणि मूळ प्रत परत आली आहे, तर डिसेंबरमध्ये चालायला हवं. प्रवासाच्या तारखा बदलणार असाल तर आउसलेंडरबेहोर्डेला एक मेल टाकून विचारून घ्या.

दुसऱ्या देशाचा विचार सोडा. ज्या देशात मुख्य मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. बोटांचे ठसे आणि आधीचा नकार दोन्ही सगळ्या शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत, व्हीआयएसमध्ये, दिसतात. आई फ्रान्स बघायला जाते असं लिहून जर्मनीत तीन महिने राहिली तर ती माहिती खोटी ठरते, आणि खोट्या माहितीचा शिक्का हा आत्ताच्या नकारापेक्षा कितीतरी वाईट. तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे.

खिडकीवरचं उत्तर मनाला लावून घेऊ नका. तिथले लोक फक्त कागद आणि ठसे गोळा करतात, निर्णय वकिलातीचा असतो.

प्रतिसाद २

अगं, तुझा धागा दोनदा वाचला. मी स्वतः दोन वेळा मुलाकडे जाऊन आले आहे, पहिल्यांदा मलाही नकारच आला होता. तेव्हा जे कळलं ते सांगते.

तुझ्या फाईलमध्ये आई कुठे आहे? तुमचा पगार आहे, तुमचं घर आहे, तुझी तारीख आहे, तुमचं पत्र आहे. हमीपत्राने एवढंच कळतं की आईचा खर्च कोण करणार. ती परत का जाईल, याबद्दल ते एक शब्दही बोलत नाही. अधिकाऱ्यासमोर जे आलं ते असं: ६३ वर्षांची एकटी विधवा, एकुलती एक मुलगी जर्मनीत, पहिला परदेश प्रवास, आणि मागितलेत पुरेपूर ९० दिवस. त्याला तुझी आई माहीत नाही गं. जे कागद पुढे आले त्यावरूनच तो ठरवणार.

आणि तू एक वाक्य किती सहज लिहून गेलीस. ८६ वर्षांची आजी घरी आहे, तिचं सगळं आईच बघते ना? नकार वाचल्यावर आईच्या तोंडून पहिलं तेच निघालं, "आजीला इथे टाकून?" परत जाण्याचं याहून मोठं कारण काय असतं? ते अर्जात कुठेच नाही. उलट तू लिहितेस की काकू आहे, म्हणून काळजी नाही!

आजीचा वयाचा दाखला, डॉक्टरांचे कागद आणि ती आईसोबत एकाच पत्त्यावर राहते याचा पुरावा जोड. काकूकडून पत्र घे की मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सासूबाईंजवळ राहीन. त्या पत्राला शेवटची तारीख हवीच. मग आईच्या तिकिटाची तारीखही तिला जुळली पाहिजे. जमिनीचा उतारा, घराचे कागद, पेन्शनचा आदेश हे सगळं लाव. स्टेटमेंटवर नुसती रक्कम दिसते, ती पेन्शनची आहे हे आदेशावरून कळतं.

"मदतीला" हा शब्द खोटा नाही, पण त्याला शेवट नाही. मदत कधी संपणार? नातवंडाला बघायला आणि लेकीजवळ राहायला येते असं लिही, तारखा लिही. आणि आईच्या हातचं एक पत्र हवं. तुझं निमंत्रणपत्र वेगळं, तिचं वेगळं. मी माझं स्वतः लिहिलं होतं, मुलाने फक्त भाषांतर केलं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. दुसरा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. आजीची अंघोळ, सकाळ-संध्याकाळ बीपीच्या गोळ्या, रात्री दोनदा उठून बघणं, हे मला इतकं सवयीचं झालं आहे की ते "पुरावा" असू शकतं हे डोक्यातच आलं नाही.

काकूशी काल बोलले. तीन महिने राहते असं ती म्हणाली होती, पण नीट विचारल्यावर कळलं की मेमध्ये तिच्याकडे लग्न आहे आणि ती आम्हाला सांगायला संकोचत होती. म्हणजे खरं तर ९० दिवस जमणारच नव्हते. आता १ मार्च ते ३० एप्रिल असं ठरवतोय, ६१ दिवस. माझी रजा डिलिव्हरीनंतर आठ आठवडे आहे, त्यातला जवळजवळ सगळा वेळ आई असेल. फेब्रुवारीत ती नसेल याचं वाईट वाटतं, पण हे खरं आहे आणि मांडता येण्यासारखं आहे.

आधीच्या नकाराचा उल्लेख आपण होऊन करायचा का?

प्रतिसाद ३

हो, आईच्या पत्रात दोन ओळीत करा. त्यांच्याकडे नोंद आहेच. आधी अमुक कारणाने नकार आला होता, त्या वेळी हे कागद जोडले नव्हते, आता जोडत आहे, एवढं पुरे. तारखा का बदलल्या तेही लिहा, नाहीतर दोन अर्ज शेजारी ठेवल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहतो.

विम्याच्या तारखा बदलायला विसरू नका, ही चूक फार जणांकडून होते. विमा पूर्ण मुक्कामाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. पासपोर्टही बघून घ्या: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला.

व्हिसा मिळाला की स्टिकर नीट वाचा. व्हिसाची वैधता वेगळी आणि राहण्याचे दिवस वेगळे. वैधतेत बहुधा १५ दिवस जास्तीचे दिलेले असतात, ते राहण्यासाठी नसतात. उतरल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही मुक्कामात मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे आणि फोटो घेऊन येण्या-जाण्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी दिसतो. आणि ही पहिली वारी वेळेत पूर्ण झाली की पुढचे अर्ज सोपे होत जातात. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा, अनेक वेळा येता येईल असा व्हिसा मिळू शकतो.

धागाकर्ती

१७ डिसेंबरची अपॉइंटमेंट मिळाली. जमिनीचा उतारा आणि पेन्शनचा आदेश आईने काढून ठेवलाय, आजीच्या डॉक्टरांनी दाखला दिला, काकूचं पत्र उद्या येईल. "किती दिवस?" असं कोणी विचारलं तर काय म्हणणार, असं आईला विचारलं. लगेच म्हणाली, "तीस एप्रिलला निघणार. दोन मेला सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचंय."

तिने पत्रही लिहिलं, शाळेत फळ्यावर लिहायची त्याच वळणदार अक्षरात, रेघी कागदावर. फोटो पाठवलाय. पहिलीच ओळ अशी आहे: "माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत आणि गेली पाच वर्षे त्यांचे औषधपाणी मीच करते." मूळ मराठी पत्र आणि सोबत इंग्रजी भाषांतर असं चालेल ना? की जर्मनच हवं?

प्रतिसाद २

इंग्रजी चालतं. माझंही इंग्रजीच होतं. मूळ पत्र मात्र तिच्या अक्षरातलंच लाव, टाईप करू नकोस.