वेळेचे अंतर आणि लेखी निर्णय

दूरस्थ संघाशी संपर्क टिकवण्यासाठी सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल ठेवावा, असा सल्ला दिला जातो. सगळे सहकारी एकाच शहरात असतील तर ते चालेलही, परंतु पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यात विभागलेल्या संघाला ते झेपत नाही. या दोन ठिकाणांतील वेळेचे अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास असते आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे मागे गेली की साडेतेरा तास होते. म्हणजे पुण्यात रात्री ९ वाजता ठेवलेली बैठक तिकडे उन्हाळ्यात सकाळी ८.३० ला, तर हिवाळ्यात ७.३० ला येते, आणि मग ती हमखास तासभर पुढे ढकलली जाते. जेवण, मुलांचा अभ्यास, झोप यांना कात्री लागते ती बहुधा पुण्याच्याच बाजूला. ही गैरसोय आलटून पालटून वाटली जाईल, एवढे तरी व्यवस्थापकाने पाहावे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते निर्णय लिहून ठेवणे. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी कार्यालयाविना चालते आणि आपली कार्यपद्धती सांगणारी पुस्तिका तिने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. काय ठरले, का ठरले आणि कोणता पर्याय कशामुळे नाकारला, हे लेखी असले की तिकडे नुकत्याच उठलेल्या सहकाऱ्याला कुणाची वाट न पाहता काम सुरू करता येते. (लिहिण्याचा कंटाळा हा आपला जुना रोग आहे, हे मान्य.) नव्याने रुजू झालेल्यांसाठी मात्र पहिले काही आठवडे रोजचा कॉल मीही ठेवतो.