इंग्रजीतल्या ‘पोक अराउंड’ला आपल्याकडं मराठीत शब्द नाही. पटतंय काय?

टिळकवाडीचा मास्तर: परवा शिकवणीत ‘पोक अराउंड’ आलं. ‘पोक’ म्हणजे ढोसणं. पुढं ‘अराउंड’ लागलं की खास काही नको असताना, कुतूहल म्हणून इकडंतिकडं बघणं. पोरं लगेच म्हणाली, “हुडकणं!” मला पटलं नाही. किल्ली हरवली की हुडकतात. कन्नडातल्या ‘हुडुकु’चंही तेच. “काय हुडकतोस?” म्हटलं की उत्तर द्यावं लागतं, आणि पोक अराउंड करणाऱ्याकडं ते नसतंच. असला बिनकामाचा शोध मराठीत बसत नाही.

शहापूरची सून: सर, तुम्ही स्वयंपाकघरात फिरकत नसणार. मी माहेरी गेले की सासूबाई माझे डबे उघडून बघतात. नको असतंय काहीच. त्याला उचकापाचक म्हणतात.

टिळकवाडीचा मास्तर: तुमच्या सांगण्यातच तक्रार आहे की! “आज जरा उचकापाचक करून आलो” असं स्वतःबद्दल कोण मिरवतंय? इंग्रजीत मात्र बिनदिक्कत सांगतात.

खानापूरकर: इंग्रजी एवढी सोवळी कधी झाली? ‘स्नूप’ म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीत चोरून डोकावणं; तो डचमधून आलेला, तिकडं अर्थ चोरून गोडधोड खाणं. ‘रूट अराउंड’ म्हणजे डुकराचं मुस्काटानं माती उकरणं. ‘फेरेट अबाउट’ तर ससे बिळातून हुसकणाऱ्या जनावरावरनं. ‘नोज अराउंड’ला आपलं नाक खुपसणं आहेच. एक ‘पोक’ तेवढा सज्जन निघाला म्हणून मराठी गरीब?

निपाणीकर: बेळगावच्या खडेबाजारात दुकानदार “काय पायजे?” विचारला की आपण काय म्हणतो? “काय न्हाई, नुसतं बगाय आलोय.” झालं की. बगत फिरणं!

टिळकवाडीचा मास्तर: ते पायाचं काम झालं. ‘पोक’मध्ये हात घालावा लागतो. वस्तू हलवायची, खाली काय आहे बघायचं.

खानापूरकर: मग ‘चाळणं’ घ्या. पुस्तक चाळतो, जुने अंक चाळतो. हातही आला, दोषही नाही. कन्नडातलं ‘केदकु’, म्हणजे उकरणं, मी सुचवणार होतो, पण त्यात जुनी भांडणं उकरून काढण्याचा वास आहे.

टिळकवाडीचा मास्तर: ‘चाळणं’ चांगलंय, एवढं मान्य. पण चाळायला पानं लागतात. अडगळीची खोली कशी चाळणार?

शहापूरची सून: आमच्या माळ्यावर चढा एकदा. पितळेची भांडी, मोडका पाळणा, कुणाकुणाच्या पत्रिका. दोन तास खाली येणार नाही तुम्ही. मग सासूबाईच खालून ओरडून सांगतील काय करताय ते.