मदत हवी आहे: ॲक्सिलरेटर पेडल जमिनीवरचं बरं की वरून लटकणारं?

घाटवाट
सेकंडहँड ऑटोमॅटिक घ्यायची आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्यात. एक स्कोडा ऑक्टेव्हिया, जिचं ॲक्सिलरेटर खालून जमिनीला बिजागरीने जोडलेलं आहे. दुसरी एक जपानी सेडान, तिचं पेडल नेहमीसारखं वरून लटकणारं. सध्याच्या गाडीतही लटकणारंच आहे. पुणे-सातारा आठवड्यातून दोनदा होतं आणि दीड तासाने उजव्या पायाची नडगी पुढच्या बाजूने भरून येते. खंबाटकीत ट्रकांमागे रांगत जाताना सगळ्यात जास्त. उंची ५ फूट १ इंच, बूट ४ नंबर.

प्रश्न तीन. पेडल बदलल्याने खरंच फरक पडेल का? जमिनीवरच्या पेडलमध्ये पावसाळ्यात चिखल-खडी अडकून धोका होतो का? आणि आहे त्याच गाडीत जमिनीवरचं पेडल बसवून घेता येईल का?

टाच टेकवा
आधी दुखण्याचं कारण बघा, मग पेडल ठरवा.

पाऊल टाचेवर फिरतं. टाच जमिनीला टेकलेली असते आणि चवडा पुढे जाताना खाली जातो. जमिनीवरच्या पेडलची बिजागरी टाचेच्या जवळच असते, त्यामुळे पेडल आणि पाऊल जवळपास एकाच वर्तुळात फिरतात. तळवा पेडलवर घसरत नाही. याला ऑर्गन पेडल म्हणतात. संगीत नाटकातला ऑर्गन किंवा पायपेटी पाहिली असेल तर भाता मारायची पायाखालची पट्टी आठवा, तीच रचना.

लटकणाऱ्या पेडलचं केंद्र वर, डॅशबोर्डखाली. पेडलचं आणि पावलाचं वर्तुळ जुळत नाही. म्हणून दाबताना तळवा पेडलवर दर वेळी थोडा घसरतो. बुटाच्या तळाला चिखल लागलेला असेल तर हे घसरणं गचक्यागचक्यांनी होतं, आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये तेच गाडीच्या हिसक्यांत दिसतं.

पण तुमची नडगी त्या घसरण्याने दुखत नसावी. नडगीच्या पुढचा स्नायू चवडा वर उचलून धरायचं काम करतो. ४ नंबरचा पाय लटकणाऱ्या पेडलच्या फक्त खालच्या कडेपर्यंत पोचतो. मग एक तर टाच जमिनीवरून उचलावी लागते, नाहीतर चवडा सतत ताणून वर धरावा लागतो. घाटात रेस दे-सोड चालू असते, पाऊल पेडलवर विसावत नाही, ते अधांतरी राहतं. ऑर्गन पेडल लांब असतं आणि टाचेपासूनच सुरू होतं, त्यामुळे लहान पायालाही पूर्ण आधार मिळतो. तुमच्या बाबतीत फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. मात्र दुखणं सीट लावण्यातल्या चुकीमुळे असेल तर कुठलंच पेडल उपयोगी नाही. दुखणं गाडीतून उतरल्यावरही दुसऱ्या दिवशीपर्यंत राहत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

दहाचा पाना
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: बसवू नका.

आजच्या पेडलला केबल नसते, आत सेन्सर असतो. त्याला सहसा सहा वायरी: दोन ५ व्होल्टच्या, दोन अर्थच्या, दोन सिग्नलच्या. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, दोन्ही सिग्नल एकमेकांशी ताडून पाहतो. काही गाड्यांत एक सिग्नल दुसऱ्याच्या दुप्पट असतो, काहींत ठरावीक फरकाने वर. ईसीयूला अपेक्षित नातं जुळलं नाही की पी२१३८ हा बिघाडाचा कोड येतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे रेस दिली तरी जेमतेम सरपटते. दुसऱ्या कंपनीचं पेडल लावलं तर हेच होणार. शिवाय लटकणारं पेडल फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर बसतं. जमिनीच्या पत्र्यावर त्यासाठी ना बोल्ट असतात ना मजबुती. ब्रॅकेट वेल्ड करून देणारे भेटतील. ते ब्रॅकेट सैल झालं तर काय होईल, याचा विचार करा आणि परत या.

आता चिखल-खडी. ऑर्गन पेडलच्या मागच्या पोकळीत खडा जाऊन बसतो, हे खरं आहे. बुटाच्या खाचेत अडकून आलेला हरभऱ्याएवढा खडा तिथे गडगडतो आणि पेडल पूर्ण खाली जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये शेवटी जी किकडाउनची ‘टक’ लागते ती लागत नाही, आणि ओव्हरटेकला गाडी हवी तशी खाली गियर टाकत नाही. लोक याला गिअरबॉक्सचा बिघाड समजून पैसे घालवतात. तपासायला सोपं: इंजिन बंद, इग्निशन चालू, स्कॅनरवर (गाडीच्या ईसीयूतले आकडे वाचायचं यंत्र) पेडल पोझिशन लावा, पेडल तळापर्यंत दाबा. शेवटचा आकडा मॅटसकट आणि मॅट काढून सारखा यायला हवा. मॅटसकट कमी आला तर दोष मॅटचा. मॅट काढूनही कमीच राहिला तर आधी पेडलमागची पोकळी साफ करा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमचं चपटं तोंड बिजागरीजवळ आणि पेडलच्या मागे फिरवा, सुका चिखल दाढीच्या ब्रशने झाडा. तिथे पाण्याचा फवारा नको. बिजागरीला तेल, ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे तर अजिबात नको. तेलावर धूळ बसून घासणारी पेस्ट होते आणि पेडल परत यायला जड होतं.

मेलबर्नकर
इकडे माझदाच्या गाड्यांत ऑर्गन पेडल सर्रास असतं. एक मुद्दा राहिला, तो उजव्या स्टिअरिंगच्या देशांना लागू आहे. आपल्याकडे ॲक्सिलरेटर बाहेरच्या बाजूला, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाच्या कमानीला लागून येतो. कमान आत घुसलेली असेल तर सगळी पेडलं मधल्या बाजूला सरकवतात आणि तुम्ही कंबरेतून किंचित वळून बसता. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती कमान क्लचच्या बाजूला येते, रेसच्या पायाला त्रास नाही. त्यामुळे ट्रायल घेताना सीटच्या मध्यरेषेपासून ॲक्सिलरेटर किती सरकलंय हेही बघा. चांगलं ऑर्गन पेडल वाकड्या जागी बसवलं तर गुडघा दुखेल.

घाटवाट
खूप उपयोगी. मॅटचा धोका दोन्हींत सारखाच का? आणि ट्रायलमध्ये नेमकं काय करू?

दहाचा पाना
सारखा नाही. लटकणाऱ्या पेडलची खालची कड मोकळी असते. मॅट पुढे सरकली, किंवा मॅटवर मॅट टाकली, की पूर्ण दाबलेलं पेडल तिच्या कडेखाली अडकून दाबलेलंच राहतं. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ लेक्सस ईएस ३५०चा जो अपघात झाला, त्यात हेच घडलं. गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट होती, चार जण गेले. त्यानंतर टोयोटाने गाड्या परत बोलावून पेडलची खालची कड छाटून आखूड केली. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत साधारण २३ लाख गाड्यांसाठी वेगळं रिकॉल झालं. त्यात पेडलच्या आतला घर्षणाचा भाग झिजून, दमट हवेत चिकटून पेडल हळू परत येत होतं. तिथे पोलादाची बारीक पट्टी घातली गेली.

ऑर्गन पेडलला मोकळी खालची कडच नाही, त्यामुळे त्या पद्धतीने अडकणं जवळजवळ संपतं. पण जाड मॅट त्याच्या टाचेकडच्या भागावर चढली तर ती पेडल दाबून धरू शकते. नियम एकच: त्या मॉडेलसाठी कापलेली मॅट, खालची दोन्ही बटणं लावलेली, वर दुसरी काही नाही.

पेडल अडकलंच तर ब्रेक एका दमात घट्ट दाबा, पंप करू नका. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडं असताना बऱ्याच पेट्रोल गाड्यांत बूस्टरची, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या भागाची, निर्वात ताकद पुन्हा भरत नाही, दोन-तीन दाबांत ब्रेक दगडासारखा होतो. लगेच न्यूट्रल टाका. इंजिन ओरडेल, ओरडू दे. गाडी बाजूला थांबली की मगच बंद करा.

टाच टेकवा
ट्रायलला रोजचेच बूट घाला. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या, मग उंची वाढवा. उंची वाढवली की टाच मागे येते, तेव्हा सीट परत पुढे. आता टाच ब्रेकच्या समोर टेकवा आणि ती न उचलता चवडा ॲक्सिलरेटरवर फिरवा. चवडा पेडलच्या मध्यावर पडला तर मापं जुळली. ॲक्सिलरेटरपर्यंत पोचायलाच टाच उचलावी लागली तर त्या गाडीत नडगी दुखण्याची शक्यता मोठी. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा किती वर आहे तेही बघा. ऑर्गन पेडलच्या गाडीत हा टप्पा जास्त जाणवू शकतो आणि लहान पायाला ब्रेकवर जाताना टाच उचलावी लागते. तिथे सवयीला आठवडा-दोन आठवडे द्या, मोकळ्या रस्त्यावर.

ट्रायल दहा मिनिटांची घेऊ नका. किमान पाऊण तास, त्यात वीस मिनिटं रांगता ट्रॅफिक. शनिवारी संध्याकाळी कात्रज चौकात ते सहज मिळेल.

घाटवाट
दोन्ही गाड्यांची ट्रायल येत्या शनिवारी ठरवली. स्कॅनर आणि टेप सोबत घेते, मापं इथेच टाकते.