वजनं बदलली की उत्तर बदलतं. मोठा निर्णय तुम्ही घेता तरी कसा?

मानपाडाकरीण

नमस्कार मंडळी. विषय घराचा आहे, पण घर कुठं घ्यावं ते विचारत नाहीये. त्यावर इथं आधीच ढीगभर धागे आहेत आणि सगळे भांडणात संपलेत. मला विचारायचंय की एवढा मोठा निर्णय तुम्ही घेता कसा, म्हणजे तुमची पद्धत काय.

पार्श्वभूमी: माझी नोकरी ऐरोलीला, नवऱ्याची अंधेरीला. राहतो ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्यात, भाड्यानं. मुलगा जूनमध्ये पहिलीत जाईल. सासूबाई डोंबिवलीत एकट्या असतात, आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे येतात आणि मुलाला शाळेच्या बसवरून घेतात. नवी मुंबईत उलव्याला एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके पाहिलाय. तेवढ्याच पैशात मानपाड्यात वन बीएचके मिळतो, तोही जुना. उलव्याचा एजंट बोलायच्या आधी नकाशाच पसरतो: हा अटल सेतू, हे विमानतळ, हे तुम्ही.

मी वाचायचं ते सगळं वाचलंय. संधीखर्च (एक घेताना जे दुसरं सुटतं त्याची किंमत) झाला, 'दहा मिनिटं, दहा महिने, दहा वर्षांनी या निर्णयाचं काय वाटेल' झालं, परत फिरता येणारे आणि न येणारे निर्णय वेगळे करून झाले. शेवटी एक्सेल केलं. निकष लिहिले, प्रत्येकाला वजन दिलं, गुण दिले, बेरीज केली. प्रवासाचं वजन २० वरून १५ केलं की उलवे जिंकतं. शाळेचं वाढवलं की मानपाडा. म्हणजे उत्तर मनात आधीच असतं आणि आकडे मागून त्याला साथ देतात. मग या पद्धतींचा उपयोग काय?

नवरा म्हणतो शीट बंद कर आणि नाणं उडव. उडवलं. छापा आला तर तोच म्हणाला, "बेस्ट ऑफ थ्री".

चरईवाला

उलवे?? ताई, तलावपाळी सोडून माणूस जातो कुठं! ठाण्यातच घ्या. धागा बंद करा.

खारघरचा हिशेबनीस

चरईवाल्यांचा पगार भाड्याच्या दुकानांतून येत असावा, म्हणून एवढा आत्मविश्वास :)

ताई, तुमची शीट म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचीच पद्धत. १७७२ साली त्यानं जोसेफ प्रीस्टलीला पत्रात हेच सुचवलं होतं: कागदाच्या मधोमध रेघ, एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल, सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जायचं. पण त्यात लोक एक गोष्ट विसरतात. मुद्दे एका बैठकीत लिहायचे नाहीत, तीन-चार दिवस सुचतील तसे लिहीत जायचे, असं तो सांगतो. रात्री एकहाती भरलेल्या शीटमध्ये त्या रात्रीचाच मूड उतरतो.

दुसरं, वजनांचा खेळ थांबवायला डॅनियल कानेमनचा उपाय आहे. २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तो. पन्नासच्या दशकात, पोरसवदा असताना, त्यानं इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत बसवली. उमेदवाराबद्दल एकंदर मत बनवायचं नाही. सहा गुण ठरवून एकेकाला वेगळे मार्क द्यायचे, एक संपल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. सगळं झाल्यावर डोळे मिटून अंदाज सांगायचा. तो अंदाजही मग बरा निघाला. तुम्हीही वजनं आधी लिहून टाका, फ्लॅट बघायच्या आधी, आणि त्याखाली दोघांच्या सह्या करा.

आता रोकडा हिशेब. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास, एकूण फेड सव्वा कोटी. बांधकाम चालू असेल तर ताबा मिळेपर्यंत मानपाड्याचं भाडंही चालू आणि बँकेचं व्याजही. ही दोन ओझी एकत्र किती महिने पेलतील, तो आकडा शीटमध्ये आहे का?

टीटीसी_निवृत्त

मी कोपरखैरणेला असतो. ठाणे-बेलापूर रोडवर केमिकल प्लांटमध्ये नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं सेफ्टीत. ही 'मेंटल मॉडेल', म्हणजे विचार करायचे साचे शिकवणारी मंडळी जे सांगतात त्यातलं निम्मं आमच्याकडे रोजच्या कामात होतं, फक्त त्याला कुणी पॉडकास्ट केला नाही.

ताई, तुमची शीट विचारते 'कुठलं चांगलं'. आम्ही कधीच तसं विचारलं नाही. आम्ही विचारायचो 'काय बिघडेल'. त्या पद्धतीला हॅझॉप म्हणतात, साठच्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत निघाली. टेबलावर प्लांटचा ड्रॉइंग पसरायचा. एक पाइपलाइन घ्यायची आणि ती पिवळ्या हायलायटरनं रंगवायची. मग तिला ठरलेले शब्द लावायचे: नाही, जास्त, कमी, उलट, उशिरा, भलतंच. प्रवाह 'नाही' झाला तर? का होईल, झालं तर काय होईल, आज त्याला अडवायला काय आहे, आणि काहीच नसेल तर कोण काय करणार, कधीपर्यंत. रकाना भरला की पुढचा शब्द. दोन-तीन तासांत डोकं बधिर होतं, म्हणून त्यापुढे बैठक चालवायची नाही.

पण खरी गोम वेगळीच. मीटिंगला डिझाइनवाला असतो, मेंटेनन्सवाला असतो, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर असावाच लागतो. कारण ड्रॉइंगवर व्हॉल्व्ह सरळ बंद होतो. प्रत्यक्षात तो अडकतो आणि त्याला पाना लावून हिसडा द्यावा लागतो, हे फक्त ऑपरेटरला माहीत असतं. एकदा आमचा ऑपरेटर तासभर गप्प बसला होता. चहा आला तेव्हा बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "साहेब, तो अलार्म आम्ही बंदच ठेवतो, सारखा वाजतो." झालं, तोवरचे सगळे कागद परत काढले.

तुमच्या घरात रात्रपाळीचा ऑपरेटर कोण? सासूबाई. बसवरून मुलाला त्या घेतात. तुमच्या शीटमध्ये त्यांचं मत आहे की त्यांच्याविषयी तुमचा अंदाज आहे?

शब्द लावून बघा. ताबा 'उशिरा': दोन वर्षं लांबला तर? महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्प पूर्ण करायची तारीख असते, आधी मुदतवाढ घेतलीय का तेही दिसतं. एजंटच्या तोंडची तारीख धरू नका. पगार 'कमी': दोघांपैकी एकाचा सहा महिने थांबला तर? प्रवास 'नाही': जुलैत हार्बर बंद पडली, तुम्ही ऐरोलीत, नवरा अंधेरीत, मुलाजवळ कोण? 'उलट': आवडलं नाही आणि विकायचं ठरवलं, तर किती दिवस आणि किती नुकसान? ज्या ओळीत 'आज अडवायला काय आहे' हा रकाना कोरा, तिथं निर्णय अडलाय असं समजा. वजनं लागतच नाहीत.

आणि एक शब्द कानावर आला की सावध व्हा: तात्पुरतं. १९७४ साली इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात एका रिअॅक्टरला तडा गेला. तो काढला आणि मधल्या जागेत तात्पुरता पाइप बसवला. त्या पाइपचा ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेली आकृती. दोन महिने चालला. १ जूनला फुटला, २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून २८. कामाचा दिवस असता तर बोलायची सोय नव्हती. त्यानंतर साध्या बदलालाही आधी कागदावर मंजुरी, तात्पुरता असेल तर संपायची तारीख, असा नियम रुजला. 'तोवर आई सांभाळतील', 'तोवर मी घरून काम करेन' ही घरातली खडूची आकृती. तारीख घाला.

संशयात्मा

काका, वाचायला झकास. पण कारखान्यात ऑपरेटरला बोलायला पगार मिळतो. आपल्या घरात 'बसून बोलू या' म्हटलं की आधी वडीलधारे बोलतात, मग नवरा, आणि सून चहा टाकायला उठते. किंवा सासूच म्हणते "तुम्हाला बरं वाटेल ते करा", त्याचा अर्थ लावायला वेगळी हॅझॉप. मला तर वाटतं या पद्धती एकट्या माणसासाठी बनल्यात. आपल्याकडे निर्णय एकट्याचा असतो कुठं?

टीटीसी_निवृत्त

बरोबर पकडलंत. प्लांटमध्येही मॅनेजर पहिला बोलला की बाकीचे माना डोलवायचे. म्हणून मीटिंग चालवणारा त्या प्लांटचा नसायचा, आणि मॅनेजरला मी सांगून ठेवायचो, तुम्ही शेवटी. घरी चिठ्ठ्या करा. प्रत्येकानं 'काय बिघडेल' ते आधी लिहायचं, मग वाचायचं. लिहिण्याला आवाज नसतो. 'तुम्हाला बरं वाटेल ते' म्हणणाऱ्या माणसाला मत विचारू नका, दिवस विचारा: सकाळी किती वाजता निघता, जिना किती, गुडघा कसा आहे.

मानपाडाकरीण

सगळ्यांचे आभार. रविवारी बसलो. सासूबाईंना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे, त्यामुळे सुरुवातीलाच त्यांनी "डॉक्टर काय म्हणाले?" विचारलं.

काकांचं ऐकून मत विचारलं नाही, दिवस विचारला. डोंबिवलीहून ठाण्याला जलद गाडी मिळते, पण त्या स्लोनंच येतात, कारण जलदच्या गर्दीत उतरता येत नाही. स्टेशनवरून मानपाड्याला टीएमटी, आणि बस आली नाही की शेअर रिक्षा. उलव्याला कसं याल, म्हटल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं: डोंबिवली-ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं नेरूळ, तिथून उरणची गाडी, ती चुकली तर पुढचीची वाट बघत बसायचं. "येईन की," म्हणाल्या. मग चिठ्ठी उघडली. त्यात लिहिलं होतं, 'रोज नाही जमणार. राहायला आले तर माझं भजनी मंडळ सुटेल.' माझ्या शीटमध्ये भजनी मंडळ नव्हतं.

नवऱ्याच्या चिठ्ठीत 'ताबा उशिरा' होतं. हिशेब केला. भाडं आणि व्याज एकत्र आम्ही वर्षभर ओढू, त्यापुढे नाही, आणि महारेरावर बघितलं तर त्या प्रकल्पानं एकदा मुदत वाढवून घेतलेली आहे. माझ्या चिठ्ठीत काय होतं ते सांगत नाही, पण ते घराविषयी नव्हतं, नोकरीविषयी होतं, आणि त्यावर आता वेगळी बैठक आहे.

संशयात्मा, चहा नवऱ्यानं केला. आलं जास्त झालं होतं.

तूर्त ठरलंय ते असं: बांधकाम चालू असलेलं घ्यायचं नाही. मानपाड्याचा भाडेकरार वाढवतोय, त्यावर संपायची तारीख आहेच. ताबा मिळालेलं, वापरात असलेलं घर बघायचं, आणि ऐरोली, घणसोली, कळवा धरून, म्हणजे सासूबाईंना ठाण्याहून फार तर एकच गाडी बदलावी लागेल. शीट ठेवलीय, पण वजनांचा रकाना काढून टाकला.

चरईवाला

कळवा म्हणजे ठाणेच. मी जिंकलो.

खारघरचा हिशेबनीस

ताई, वापरात असलेलं बघताय तर इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आधी मागा. लोक वर्षानुवर्षं राहतायत म्हणजे ते असतंच असं नाही. ऐरोली-घणसोलीत सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) लीजच्या जमिनीवरचा रीसेल असेल तर सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार, ते टोकन द्यायच्या आधी लिहून घ्या. आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र विकणाऱ्यानं आणायचं, तुम्ही नाही.

मानपाडाकरीण

लिहून घेतलं. टोकनचं 'उशिरा' आणि 'उलट' पण करते आजच.