प्रवासानं तुमची नजर बदलली का? अनुभव लिहा

जुळेसोलापूरची
काल पाणी आलं रात्री दोनला. पिंप, हंडे, बादल्या भरता भरता एकदम सोहरा आठवलं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चेरापुंजी. आपल्याकडं सोलापुरात वर्षाला साधारण ५५०-६०० मिलिमीटर पाऊस, तिथं ११,००० च्या पुढं. आम्ही गेलेलो जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकून. वाटलेलं चहूकडं पाणीच पाणी असेल, तर जिथं उतरलो त्या घरच्या मावशी सकाळी सकाळी डबे घेऊन खालच्या झऱ्यावर निघालेल्या. पाऊस पडतो तो सगळा ठरावीक महिन्यांत, डोंगरावर झाडं नि माती फारशी राहिली नाही, पाणी थेट खाली बांगलादेशाकडं वाहून जातं आणि हिवाळ्यात प्यायला टंचाई. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, तुमच्याकडं कसं? म्हटलं चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही शंभरेक किलोमीटरवरनं, उजनी धरणाचा. त्यांनी काही न बोलता एक डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघी पायऱ्या उतरलो. बारीक धारेखाली डबा तिरका धरायचा, शेजारच्या बाईचा भरला की आपला सरकवायचा, हे सगळं मला न शिकवता येत होतं! तोवर वाटायचं पाण्याचं भोग आपल्याच नशिबी. आता मी आभाळाला बोल लावत नाही, पाणी मुरतं कुठं ते बघते. आमच्या बिल्डिंगमधला शोषखड्डा त्यातनंच झाला. तुमचं सांगा.

पूर्वभाग
ताई काटा आला अंगावर. मी आजीला घेऊन सिरसिल्ल्याला गेलते, तेलंगणात, तिच्या माहेरचे लोक तिकडं. आम्ही पद्मशाली, मागावरचं घर. लहानपणापासून ऐकत आले तिकडं आपलं मोठं घर होतं, हे होतं ते होतं. जाऊन बघितलं तर ओसरीवर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायलेत, पानाचा वास पण आपल्या गल्लीतलाच. आतनं यंत्रमागाचा खडखडाट. आजोबा सोलापूरला का आले ते मला तिथं बसून कळलं, कुणाला विचारावं लागलं नाही. आजी मात्र खूष, दिवसभर गप्पा, औषधं घ्यायची विसरली. बाकी नंतर लिहिते कुकर झाला

भाकरीवाला
शिट्टी झाली का 😀

पूर्वभाग
झाली झाली

टॉवेलयुनिट
माझं छोटंसं. दुबईला एक्झिबिशनला पाठवलं होतं मालकांनी. हॉटेलात बाथरूममधला टॉवेल घेतला आणि सवयीनं उलटून किनार बघितली, हातानं ओढून बघितली. आपल्यासारखंच विणकाम. आपल्या गावाचा नसेलही, पण परत आल्यावर मशीनवर उभा राहिलो की ज्याचं तोंड पुसणार आहे तो माणूस डोळ्यासमोर येतो. तेव्हापासून डागी माल पुढं ढकलत नाही, बाजूला काढतो.

रेल्वेलाईन्स
विषय निघालाय तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस कुणीच कसे आठवले नाहीत? आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला आणि १९४२ ला तिकडंच वारले, वय फक्त ३२. मुलांना घेऊन स्मारक बघून या. आम्ही फिरतो आणि फोटो घेऊन परत येतो, हा माणूस जिथं गेला तिथला झाला.

भाकरीवाला
@रेल्वेलाईन्स आजच मुलाला दाखवतो. आणि प्रवासाचं विचाराल तर कडक भाकरी नि शेंगा चटणी बरोबर असली की कुठंही ओळख होते. हृषीकेशच्या गाडीत समोरच्या पंजाबी कुटुंबाला चटणी दिली, त्यांनी पिन्नी म्हणजे त्यांच्याकडचे लाडू दिले, मग त्यांच्या आजींनी फाळणीत घर सोडलं ते सांगितलं, आख्खी रात्र झोपलो नाही आम्ही कुणी. इतिहासात ते दोन ओळीत पाठ केलेलं होतं.

अक्कलकोटरोड
भाकरी कितीला देताय? बहिणीला पुण्याला पाठवायच्या आहेत, हुतात्मा एक्स्प्रेसनं

भाकरीवाला
मेसेज करा ताई, सकाळी ताज्या देतो

अक्कलकोटरोड
माझे यजमान ट्रकवर असतात, मी कुठं गेले नाही. पण ते गुवाहाटीहून फोन करतात, आज ब्रह्मपुत्रा ओलांडली, पल्याडचा काठ दिसेना म्हणून. मी नकाशा काढून पोरांना बोट ठेवून दाखवते. पोरगी म्हणते मला पण जायचंय. पाठवणार मी तिला.

जुळेसोलापूरची
@अक्कलकोटरोड पाठवाच. तिकडं मेघालयात खासी लोकांत घर धाकट्या मुलीकडं जातं, तिलाही सांगा, खूष होईल!

टॉवेलयुनिट
ताई सोहराला जायचं कसं? आईला घेऊन जायचंय, गुडघे दुखतात तिचे

जुळेसोलापूरची
गुवाहाटीपर्यंत रेल्वे, तिथनं शिलाँगला शेअर सुमो, पुढं सोहरा ५५ किमीच्या आसपास. झाडांच्या मुळांचा दुमजली पूल नोंग्रियाट गावात आहे, तीन हजारांवर पायऱ्या, तिथं आईंना नेऊ नका. धबधबे भरलेले बघायचे तर जून-जुलै, चालत फिरायचं तर नोव्हेंबरनंतर. स्वेटर घ्या, आणि चादर आपलीच न्या.