गोदो ४ (गेम इंजिन): उडीत मजा नाही आणि करडावर कुणाचा जीव जडत नाही. काय बदलू?

पायरी_७: नमस्कार मंडळी. टूडी प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) करतोय. एक मुलगी आणि तिच्या मागे येणारं करडू, दोघं किल्ला चढतात. टाइल (लेव्हल ज्या चौकोनांची बनते तो एक चौकोन) १६ पिक्सेलची, उडीचा कोड इंजिनसोबत येणाऱ्या टेम्प्लेटमधलाच. खेळून पाहणाऱ्यांच्या दोन तक्रारी: "बटण दाबलं तरी उडी लागली नाही", आणि करडू दरीत पडलं तरी कुणाला सोयरसुतक नाही. पार्टिकल्स (धूळ, ठिणग्या), स्क्रीन शेक (पडदा हलवणं) टाकू का?

वेताळटेकडी: शेक राहू दे, आधी उडी बघ. टेम्प्लेटमध्ये उडीचा वेग ४०० आणि गुरुत्वाकर्षण ९८०. म्हणजे उंची साधारण ८२ पिक्सेल, पाच टाइलांच्या वर. हे आकडे तुझ्या लेव्हल बघून कुणी ठरवलेले नाहीत. उंची आणि वर पोचायचा वेळ तू ठरव, बाकी गणितातून काढ: गुरुत्वाकर्षण = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग; वेग = २ × उंची ÷ वेळ. चार टाइल (६४ पिक्सेल) आणि ०.४ सेकंद धरलेस तर गुरुत्वाकर्षण ८०० आणि वेग ३२०. खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट कर, नाहीतर पोरगी फुग्यासारखी तरंगते. बटण लवकर सोडलं तर वर जाणारा वेग निम्मा कर, पण सोडलं त्या फ्रेमलाच, एकदाच.

उडी न लागण्याची कारणं दोन. कडेवरून पाय सुटल्यावर बटण दाबलं जातं, किंवा जमिनीला टेकण्याच्या जरा आधी. पहिल्यासाठी कोयोटी टाइम (पाय सुटल्यावरही उडी मारू देणारी सवलत) ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीला सहा फ्रेम. दुसऱ्यासाठी जंप बफर (आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताच उडी देणं), तोही तेवढाच. 'सेलेस्ट' या प्लॅटफॉर्मरच्या (२०१८) निर्मात्यांनी खेळाडूचा कोड खुला केलाय, त्यातही कडेची सवलत ०.१ सेकंदच आहे. शिवाय वर जाताना डोकं कोपऱ्याला जेमतेम घासलं तर चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवतात. खेळाडूला हे कळतसुद्धा नाही, त्याला वाटतं आपलाच हात बसलाय.

कोरा_कॅनव्हास: +१. उडी मारली की दोन्ही टायमर लगेच शून्य करा. नाहीतर सवलतीच्या त्या सहा फ्रेममध्ये दुसऱ्यांदा बटण दाबून हवेतच आणखी एक उडी मिळते, आणि हा बग नेमका पटापट बटण दाबणाऱ्यांनाच दिसतो, तुम्हाला नाही.

पुढे फटक्याला हिटस्टॉप (फटका बसताच गेम क्षणभर गोठवणं) टाकाल तेव्हा: टाइम स्केल (गेममधल्या वेळेची गती) ०.०५ करून ०.०६ सेकंदांचा टायमर लावला तर तो टायमरही मंदावतो आणि गेम १.२ सेकंद गोठतो. टायमर बनवणाऱ्या क्रिएट-टायमर फंक्शनचा चौथा पर्याय, टाइम स्केलकडे दुर्लक्ष करण्याचा, चालू ठेवा. शेक दोन-तीन पिक्सेल पुरे, आणि बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये हवीच.

सांजवात_देव: करडाबद्दल. ते सध्या शोभेला आहे. संवाद वाढवून जीव जडत नाही, ते हाताच्या सवयीत उतरायला हवं. 'इको' या गेममध्ये (२००१) आर१ बटण दाबून ठेवलं तरच योर्डा या सोबतिणीचा हात धरला जातो, आणि सोडलं की सुटतो. तुमच्याकडे एक बटण 'कडेवर घे' ला द्या. घेतल्यावर चालण्याचा वेग १२० वरून ९० वर आणा, पण कड्यावरच्या वाऱ्यात ती घसरू नये. तोटा आणि उपयोग दोन्ही हवेत. नुसता तोटा असेल तर करडू म्हणजे कटकट.

करडू गोष्टीत जाणार असेल, तर त्याआधी हे बटण निदान दोन-तीन लेव्हल सतत लागलं पाहिजे. गेल्यावर बटण बंद करू नका. दाबलं की तिने हाक मारावी, उत्तर मात्र येऊ नये. तिथे पार्श्वसंगीत वाजवलंत तर सगळं फुकट.

पायरी_७: हे जमण्यासारखं आहे. पण ते अरुंद फळीवर मध्येच उभं राहून वाट अडवतं.

सांजवात_देव: मग आधी ते मिटवा, राग आलेल्या माणसाला माया येत नाही. 'जर्नी' हा गेम (२०१२) बनवताना खेळाडू एकमेकांना ढकलू शकत होते, तर लोक सोबत्याला खाली पाडायला लागले. ढकलणं काढलं, आणि स्पर्श झाला की दोघांचा स्कार्फ (त्यात उडण्याची शक्ती असते) भरेल असं केलं. तुम्हीही दोघांच्या कोलिजन लेयर (कोण कुणाला धडकतं ते ठरवणारे थर) वेगळ्या ठेवा.

वेताळटेकडी: वाट शोधायचा अल्गोरिदम नकोच. मुलीची जागा दर फ्रेमला अ‍ॅरेत (यादीत) साठव आणि करडू २० फ्रेम मागून त्याच वाटेने चालव. ती थांबली की साठवणं थांबव, नाहीतर ते येऊन तिच्या अंगावरच उभं राहतं. आणि पुढच्या चाचणीत "मजा आली का?" विचारू नकोस, लोक भिडेखातर हो म्हणतात. कुठे पडले, त्याआधी कितव्या फ्रेमला बटण दाबलं, ते फाइलमध्ये लिहून घे.